दाजींची दोरी

जगात सरळ असं काही शिल्लक असेल तर ते आमच्या दाजींच्या दोरीच्या दोन खुंट्यांमध्येच आहे, बाकी सगळा कारभार वाकडा, असं माझं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मेव्हण्यानं दाजींची टिंगल करायची हा आमच्याकडे मानाचा हक्क समजतात आणि तो मी गेली पस्तीस वर्षं इमानेइतबारे बजावतो आहे. तरीही सांगतो, या माणसासारखा माणूस जोयड्याच्या सगळ्या डोंगरांत दुसरा नाही. असताच, तर दाजींनी त्याला केव्हाच आपल्या रांगेत नेऊन उभा केला असता.

माझं रामनगरात पत्रे, खिळे, पाईप, दोऱ्या असल्या मालाचं दुकान आहे. दाजींचं घर तिकडे अणशीच्या बाजूला, मोठ्या रस्त्यावर उतरून अर्धा तास चालल्यावर लागणाऱ्या वाडीत. भाताची चार खाचरं, घरामागं उताराची थोडी भरड जमीन, आणि तिन्ही अंगांनी रान. रान म्हणजे लांबून बघायचं रान नव्हे. परसात भांडी घासायला बसलं तर वरून वांदर हसतं, इतकं जवळचं.

आता गंमत ऐका. आज ज्यांच्या शेतात फणस, कोकम, पोफळी, त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल आणि सावलीत कंद, अशी दाटी आहे, ते दाजी तरुणपणी झाडांचे पक्के वैरी होते. सकाळी उठून तोंडसुद्धा न धुता हातात कोयता घेऊन शेताला एक फेरी मारायचे. कुठं कोंब दिसला की उपटला. पाखराच्या विष्ठेतून आलेला असो की वाऱ्यानं, दयामाया नाही. मी एकदा त्यांच्या ओसरीवर बसून फणस खाल्ला आणि एक आठळी सवयीनं अंगणात भिरकावली. दाजी ताडकन उठले आणि अर्धा तास गवत चाळत बसले. आठळी मिळाली तेव्हाच माझ्याशी बोलले.

“येवढं काय झालं, दाजी? झाड आलं तर फणसच मिळंल न्हवं?” मी विचारलं.

“झाड येतंय, मागनं रानखात्याचा साहेब येतोय,” दाजी म्हणाले. “तो म्हणणार, हितं झाडं हायत, म्हंजे हे रान हाय. मग आमी कोण? वांदरं?”

हे भय एकट्या दाजींचं नव्हतं. वाडीतल्या प्रत्येक घरात ते होतं. रानाला लागून ज्याचं शेत, त्याला आपलं शेत हे शेतच आहे असं दिसावं लागतं, आणि शेत म्हणजे भात, भात म्हणजे उघडं आभाळ, असा साधा सरळ हिशेब. त्यामुळं वाडीत सगळ्यांचे बांध टक्कल पडल्यासारखे बोडके होते आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे वाहून जात होते.

मग एके वर्षी योजनेवाल्या बाई आल्या. चांगल्या होत्या, धारवाडकडच्या, मराठी बोलताना मधेच कन्नडात घसरायच्या आणि स्वतःच हसायच्या. देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांना बसवून त्यांनी समजावून सांगितलं: बांधावर झाडं लावा, बांध धरून राहतील, फणसावर मिरी चढवा, भाताचं एखादं वर्ष गेलं तरी कोकम आहे, सुपारी आहे, खाली कंद आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या लोकांची मान डोलावण्याची रीत अशी की तिचा अर्थ “हो” असा घेणारा माणूस नवखा समजावा. शेवटी दाजी उठले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“बाई, रान कदी रांगेत उगवतंय काय?”

“नाही हो. रान कशाला रांगेत उगवेल?”

“मग झालं,” असं म्हणून दाजी चालू लागले. बाई बिचाऱ्या त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तोवर दाजी पायरीवर हजर. म्हणाले, “शंभर हात दोरी दे. ताणली तर ढिली पडणार न्हाई असली.” मला वाटलं म्हैस घेतली. तर म्हैस नव्हती, सिद्धांत होता. जे रांगेत आहे ते माणसानं लावलेलं, आणि माणसानं लावलेलं ते शेत. रांग इतकी सरळ पाहिजे की ब्रह्मदेव जरी पाहणीला आला तरी त्याला “हे मी रुजवलं” म्हणायची सोय राहता कामा नये. मला हे ऐकून हसू आलं. पण खरं सांगायचं तर पुढची पंधरा वर्षं या सिद्धांतातली चूक दाखवणारा एकही शहाणा मला भेटला नाही.

लागवड सुरू झाली ती अशी: एका टोकाला खुंटी, दुसऱ्या टोकाला अक्का. दाजी गुडघ्यावर बसून डावा डोळा मिटायचे आणि उजव्यानं दोरीच्या बाजूनं बघायचे. “अर्धा बोट डावीकडं.” अक्का सरकायची. “तेवढं न्हवं, त्याच्या अर्धा.” ऊन डोक्यावर, दोरी हातात, आणि चुलीवर भात करपत चाललेला. अक्का मला म्हणाली होती, “लग्नात अंतरपाट तरी भटजींनी लगीच काढला बाबा. ह्यांची दोरी काय सुटत न्हाई.” आणि तरी टोक तिनंच धरलं. दुसऱ्या कुणी धरलेलं दाजींना पटायचं नाही, आणि त्यांनी दुसऱ्या कुणाला हाक मारलेली अक्काला खपायची नाही.

झाडांनी मात्र सिद्धांत ऐकलेला नव्हता. फणस उजेडाकडं झुकला. दाजींनी त्याला बांबूची काठी बांधली आणि रोज सकाळी समोर उभं राहून दम भरायला सुरुवात केली, “नीट ऱ्हा. तू वाकडा झालास तर मी रानात जातोय, ध्येनात ठेव.” एकदा गवा येऊन कोकमाचं एक रोप खाऊन गेला. सगळी वाडी हळहळायला आली. दाजींचं दुःख वेगळंच होतं. “खाल्लं तर खाल्लं. पण मधलंच कशाला खायचं? टोकाचं खायचं! रांगेत भोक पडलं न्हवं?” गव्यानं पुन्हा तसं करू नये म्हणून त्यांनी टोकाला एक जास्तीचं रोप लावून ठेवलं, खास गव्यासाठी. गव्यानं ते कधी खाल्लं नाही. आज त्याला कोकमं लागतात, आणि अक्का ती वेगळी वाळवून “गव्याची सोलं” म्हणून मला देते.

हळूहळू ही रांग शेतातून घरात शिरली. दाराशी चपला रांगेत. मांडणीवरचे तांबे रांगेत. भाचीच्या लग्नात पंगत बसली तेव्हा दाजींनी पत्रावळींच्या समोरून दोरी ताणली आणि आमच्या एका स्थूल पाहुण्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, “पाव्हणं, तुमी बरोबर हाय, पोट तेवढं मागं घ्या.” भात थंड झाला, पाहुणे तापले. उळवीच्या जत्रेला गेले तेव्हा तर कमाल. शेकड्यानं बैलगाड्या येतात, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं सोडतो. दाजी काठी घेऊन मधोमध उभे राहिले आणि “सालागि निंदर्री, सालागि निंदर्री!” म्हणजे रांगेत उभे राहा, असं ओरडत त्यांनी दुपारपर्यंत गाड्यांच्या चार ओळी लावल्या. लोकांना वाटलं देवस्थानचे मानकरी आहेत. संध्याकाळी चार-पाच गाडीवान त्यांच्या पाया पडून गेले. दाजींनी त्यांनाही एका रांगेत पडायला लावलं, असं मी सगळ्यांना सांगतो. अक्का म्हणते, ही माझी भर आहे.

आणि वाडीनं झाडं लावली ती कशी म्हणाल? बाईंच्या कट्ट्यावरच्या उपदेशानं नव्हे, दाजींच्या वैतागानं. शेजाऱ्यानं चार सुपाऱ्या लावल्या की हे न बोलावता दोरी घेऊन हजर. एक डोळा मिटायचा, “वाकडं हाय” म्हणायचं आणि घरी यायचं. शेजारी चिडून आणखी दोन रांगा लावायचा, ह्यांच्या नाकावर टिच्चून सरळ. मग त्याच्या पलीकडचा त्याच्यावर चिडायचा. पाचसहा वर्षांत वाडीतला एक बांध बोडका राहिला नाही. बाई बदली होऊन जायच्या आधी शेवटचं बघायला आल्या आणि त्यांना गहिवरून आलं. “अहो, एवढ्या लोकांना तुम्ही समजावलंत तरी कसं?” दाजी म्हणाले, “म्या काय न्हाई केलं, बाई. म्या फकस्त वाकडं हाय म्हणालो.”

एवढ्या सगळ्या सरळपणात एकच झाड वाकडं होतं, म्हणजे रांगेबाहेर होतं. ते अक्काचं.

त्याची हकीगत मला जरा ओशाळवाणी आहे. आमच्या खानापूरच्या घराच्या परसात एक आंबा होता. फळ लहान, शेंदरी, जरा दोरकट, पण अक्काचा जीव त्या आंब्यावर. लहानपणी ती आईनं रागं भरलं की त्याच्याच बुंध्याशी जाऊन रुसून बसायची. चार-पाच वर्षांपूर्वी नवं घर बांधताना पायासाठी आम्ही भावांनी तो तोडला. अक्काला विचारलंसुद्धा नाही. शेवटचे आंबे मीच पिशवी भरून तिला नेऊन दिले. तिनं आंबे खाल्ले, कोयी भांडी घासायच्या दगडापाशी टाकल्या, आणि मला काही म्हणाली नाही. त्यातली एक कोय रुजली.

दोन पावसाळ्यांपूर्वी दाजींनी घरामागं चौदा पोफळींची नवी रांग धरली. वरच्या रांगांच्या अंतरानं दोरी टाकली, तर आंबा तीन हात बाहेर! तेव्हापासून घरात तह नव्हता. दाजी म्हणायचे, “औंदा हलवू या त्याला.” अक्का म्हणायची, “पाऊस पडू दे.” पाऊस पडला की, “लई पाऊस हाय, मूळ कुजंल.” पाऊस उघडला की, “आता पालवी आलीया, पालवी आल्यावर कोण हलवतंय व्हय?” आंब्याचं मूळ खोल जातं, त्या वयाचा हलवला तर तो जगत नाही, हे दाजींना काय ठाऊक नव्हतं? पण मागनं जाताना डोळा मिटून बघायचे, आणि तीन हात बाहेरचा तो आंबा दातात अडकलेल्या सुपारीसारखा त्यांना सलायचा.

यंदा गणपती पोचवून आठ दिवस झाले आणि कागद आला. जागांची पाहणी होणार होती: कुणाचं शेत कुठवर, रान कुठून. वाडीत दुसरा विषय उरला नाही. दाजींनी तर जेवण सोडलं. घरामागची भरड जमीन रानाला अगदी लागून, आणि नेमक्या तिथंच तो आंबा. “चौदा रांगेत, एक बाहेर,” ते आल्यागेल्याला सांगत होते. “साहेबानं त्याच्यावरच बोट ठेवलं, हे आपसूक उगवलंय म्हणाला, तर? सगळी जागा जाईल की.” त्यांनी लावलेली दीडेकशे झाडं एकीकडं आणि ते एक झाड एकीकडं, अशी त्यांच्या मनाची अवस्था झाली होती.

आणि त्याच आठवड्यात अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू पिकला होता, लेकीनं बेळगावात तारीख घेतली होती, टाळता येईना. जाताना ती रामनगरला उतरून माझ्या दुकानात आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, “बाबू, माझा एक डोळा डाक्टर बघंल. दुसरा तू बघ. मी नसताना तुझे दाजी माझा आंबा उपटणार. बोलत न्हाईत, म्हंजे उपटणार.” मी म्हणालो, “तसं कसं करतील?” ती म्हणाली, “आमच्या घरचं शेवटचं हाय रे ते.” तोडलं कुणी, ते तिनं तेव्हाही काढलं नाही. मला मात्र तोंड कुठं लपवावं ते कळेना.

दुसऱ्याच दिवशी दाजी दुकानात. दाढी वाढलेली, अंगरख्याला चिखल. “दोनशे हात दोरी.”

“दाजी, आंबा...”

“दोरी दे म्हणालो न्हवं?”

पैसे ठेवून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. मला काही ते बरं वाटलं नाही. पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी दुकान बंद केलं आणि पहिली बस धरली.

भुरभुर पाऊस होता. घराला वळसा घालून मागं गेलो. सगळी जमीन उकरलेली. मातीचे ढिगारे, उघडे खड्डे, आणि मधे दाजी गुडघाभर चिखलात, पाठमोरे. माझा तोल सुटला. पस्तीस वर्षांत दाजींवर मी खरा म्हणून कधी रागावलो नव्हतो, तो सगळा राग एकदम बाहेर आला. “काय केलंत हे दाजी? एक झाड! एक झाड र्‍हायलं होतं आमच्या अक्काला! आमी मेल्यांनी तोडलं ते तोडलं, तुमाला तरी लाज वाटायला नको होती?”

दाजींनी मागं वळून बघितलं. “वरडू नको,” ते म्हणाले. “चप्पल काढ, आणि त्या टोकाला जाऊन दोरी धर. आंब्याच्या बुंध्याला घासू देऊ नको, साल सोलंल.”

आंबा जागच्या जागी उभा होता. पावसात धुऊन हिरवागार. दोरी त्याच्यापासूनच सुरू झाली होती. आणि त्याच्यापासून निघालेल्या नव्या ओळीत, मुळांशी मातीचा गोळा जसाच्या तसा ठेवून उचललेल्या सहा पोफळी लागल्या होत्या. उरलेल्या आठ गोणपाटावर आडव्या पडून वाट बघत होत्या.

“म्हंजे... आंबा न्हाई हलवला?”

“हलवला तर मरंल की.”

“अवो पण एका झाडापायी चौदा झाडं?”

“पोफळ हलवली तर जगती. आंबा न्हाई जगत,” दाजी म्हणाले. “मग कुणी हलायचं, तूच सांग?” आणि पुन्हा खड्ड्याकडं वळत, जरा खाली मान घालून, “पैलीच रांग तितनं धरायला पायजे हुती. दोन वर्सं भांडलो उगंच.”

मी चप्पल काढली. दिवसभर चिखलात मी त्यांचा मेव्हणा नव्हतो, गडी होतो. माझी कंबर अजून त्या दिवसाची साक्ष देते. नवल एवढंच वाटलं की दाजी पूर्वीसारखे अर्ध्या बोटासाठी छळत नव्हते. डावा डोळा मिटायचे, उजव्यानं बघायचे, जरा वेळ लावायचे आणि म्हणायचे, “बरोबर. लाव.” मी म्हटलं, चला, म्हातारा नरमला, आपली सुटका झाली.

पाहणीचे साहेब आले ते दोघं होते. हद्दीनं फिरले, फोनला रेंज मिळेना म्हणून बांधावर चढून हात वर करून उभे राहिले, कागदावर लिहीत गेले. सरळ रांगांकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. दाजी कासावीस. शेवटी त्यांनीच साहेबांचा हात धरला आणि घरामागं नेलं. “साहेब, हे बगा. सगळं दोरीत हाय.”

साहेबांनी मान हलवली आणि आंब्याच्या पानाला हात लावला. “हा कोणता आंबा?”

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. नेमकं त्याच्यावरच बोट! पण खणखणीत म्हणाले, “खानापूरचा. हिच्या म्हायेरचा. हिनं हातानं लावलाय.”

“छान शेती केलीय तुम्ही,” साहेब म्हणाले, आणि पुढच्या घराकडं गेले.

दाजी मटकन भांडी घासायच्या दगडावर बसले. “शेती म्हणाला,” मला म्हणाले. “ऐकलंस न्हवं तू? शेती म्हणाला.” असं त्यांनी चार वेळा विचारलं आणि चारही वेळा मी “व्हय, शेती म्हणाला” असं सांगितलं.

चार दिवसांनी अक्काला घेऊन मीच वाडीत आलो. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता. अक्कानं धूळ जाईल म्हणून त्याच्याखाली पट्टीसुद्धा ठेवलेली. वाटेत मी तिला काही सांगितलं नाही. घरी पोचल्यावर ती पायावर पाणीही न घेता तडक मागं गेली, चष्मा काढला आणि उघड्या एका डोळ्यानं बघत उभी राहिली. आंबा. आंब्यापासून निघालेली रांग. अगदी दाजी एक डोळा मिटून बघतात तशी ती बघत होती. मी तिच्या मागं. दाजी लांब उभे राहून, बघत नसल्यासारखं दाखवत, दोरी गुंडाळत होते.

तिच्या खांद्यावरून मीही बघितलं. पाऊस उघडला होता, ऊन स्वच्छ होतं. आणि मला दिसलं ते असं की नववी आणि दहावी पोफळ चांगली वीतभर बाहेर होती. शेवटच्या दोन तर उलट्या बाजूला गेलेल्या. अर्ध्या बोटासाठी अक्काला उन्हात उभी करणारा माणूस, आणि ही रांग! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की त्या दिवशी दाजी नरमले नव्हते. त्यांना दिसत नव्हतं.

पस्तीस वर्षांच्या हक्कानं माझं तोंड उघडलंच होतं. अक्कानं मागं न बघता माझं मनगट धरलं आणि असा चिमटा काढला की लहानपण आठवलं.

“कशी हाय?” दाजींनी लांबूनच विचारलं. रांग कशी आहे असं त्यांनी आजवर कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

“सरळ हाय,” अक्का म्हणाली. “एकदम सरळ.” मग पदरानं उघडा डोळा पुसून म्हणाली, “पुढल्या म्हैन्याला डाक्टरनं मला परत बोलवलंय. तुमी पण चला. एकटीला बसमधी भ्या वाटतंय.”

पस्तीस वर्षं या घाटात एकटी बसनं येणारी-जाणारी ती बाई. पण दाजींना ते पटलं. “येतो की,” ते म्हणाले. मग गुंडाळलेली दोरी काखेत मारून माझ्याजवळ आले, डावा डोळा मिटला, उजव्यानं आपल्या रांगेकडं समाधानानं बघितलं आणि कोपरानं मला ढोसलं.

“बग दुकानदार. अर्धा बोट तरी फरक हाय काय?”

“न्हाई दाजी,” मी म्हणालो. “कुठं हाय?”